पत्र्याची शेपटं

आमच्या अकॅडमीच्या आवारात एक खरं लढाऊ विमान होतं आणि त्याला दोन खोटी शेपटं होती. आज हे मी एका वाक्यात सांगून मोकळी होते. मला हे कळलं तेव्हा माझं हवाई दलात जायचं वय संपत आलं होतं आणि माझ्यासमोर टेबलाला रांगेनं अधिकारी बसलेले होते.

अकॅडमी नांदेडच्या बाहेर, लातूर रोडला. पत्र्याची दोन हॉस्टेलं, धावायला मैदान, आणि फाटकातून आत आलं की चौथऱ्यावर ते विमान. डायरेक्टर सरांनी ते सरकारदरबारी बरेच उंबरे झिजवून आणलं होतं. उडून उडून निवृत्त झालेलं, इंजिन काढून घेतलेलं, पण खरंखुरं. ते आलं त्या वर्षी पोरांची नुसती झुंबड उडाली म्हणे. पुढं लातूरच्या एका अकॅडमीनं दारात फायबरचं नवं स्टेल्थ, म्हणजे रडारला चकवणारं, विमान उभं केलं. त्याच्या खालून निळे दिवे. झालं, उदगीर-अहमदपूरकडची जी पोरं नांदेडला यायची, ती लातूरलाच उतरायला लागली. खरं जुनं विमान बघायला कोण येतं? माणसाला चकचकीत लागतं, मग ते खोटं का असेना.

डायरेक्टर सर मूळचे फिजिक्सचे. बारावीत गडगडलेल्या पोरांची रिपीटर बॅच चालवून मोठे झालेले. ते म्हणाले होते, "नापास पोरगं मी वर्षात डॉक्टर करून दिलंय. हे तर विमान आहे, ते ऐकतं तरी."

त्यांनी ट्रकच्या बॉड्या बांधणारे कारागीर बोलावले. विमानाचं मूळचं उभं शेपूट ग्राइंडरनं कापून काढलं. त्या जागी पत्र्याची दोन तिरकी शेपटं बसवली, कारण नव्या विमानांना तशी असतात. पोटाखाली बॉम्ब लपवायच्या कप्प्याची दोन दारं पत्र्याचीच ठोकली. कडा दातेरी केल्या आणि सगळ्यावर राखाडी रंग मारला. पुढं बोर्ड लावला: अपग्रेड केलेलं विमान, पाचवी पिढी. हे सगळं मी यायच्या आधीचं. मला ते खूप नंतर, आवार झाडणाऱ्या मावशींनी सांगितलं. त्यांनी आणखी एक सांगितलं. ग्राइंडर कुठं लावायचा ती खडूची रेघ आमच्या सार्जंट सरांनी स्वतः आखून दिली होती. रेघ नसेल तर कारागीर वेडंवाकडं कापतील, म्हणून.

सार्जंट सर म्हणजे आमचे इन्स्ट्रक्टर. त्यांची हवाई दलातली सगळी नोकरी ह्याच जातीच्या विमानाचा सांगाडा सांभाळण्यात गेली होती. पंख, चाकं, पत्रे, सांधे. निवृत्त होऊन नांदेडला आले आणि इथं लागले.

मी नायगावची. वडील तहसीलला शिपाई, आई घरी ब्लाउज शिवते. नांदेडातून मेकॅनिकल इंजिनिअरिंग केलं. चार वर्षांत एकही यंत्र उघडून बघितलं नाही, सगळं गाइडातून पाठ. दोनदा परीक्षा हुकली होती. आता एकच संधी उरली होती आणि घरात माझ्या लग्नाचं बोलणं दर रविवारी होत होतं. वडिलांनी एवढंच सांगितलं होतं, "ह्या बारीला लागलीस तर कुणी काही बोलणार न्हाई. न्हाई लागलीस तर मला बी बोलता येणार न्हाई." म्हणजे काय ते मला समजलं होतं.

अकॅडमीत रोज सकाळी धावून आलं की विमानाची 'ओळख' असायची. सगळी बॅच विमानाभोवती उभी राहणार, सर वेताच्या काठीनं एकेक जागा दाखवणार, आम्ही एका सुरात नाव घेणार, आणि मग एकेकानं जाऊन तिथं हात लावायचा. पाढे म्हणायच्या तालात. एप्रिलमध्ये आठ वाजताच पत्रा तव्यासारखा तापलेला असायचा. हात मागं घेतला की काठी बसायची.

"काय झालं? भाजलं? इमान तुला इचारून तापत न्हाई."

मला तर ते विशेष बोलायचे. "इंजिनिअर म्हणं! शिलाई मशीनला तरी तेल घालता येतं का गं? का ते बी आईच घालते?" बॅच खिदळायची. एकदा माझ्याच ओढणीनं माझे डोळे बांधले आणि पंखाच्या मुळापासून टोकापर्यंत बोटांनी चाचपत सगळी झाकणं ओळखायला लावली. एक चुकलं. त्या चुकीसाठी मैदानाला किती फेऱ्या मारल्या ते आठवत नाही, शेवटी उलटी झाली एवढं आठवतं. सर जवळ येऊन बघून गेले आणि म्हणाले, "पोटात काही ठिवत जा."

मी त्यांचा द्वेष करायचे आणि त्यांच्यावर पूर्ण विश्वास ठेवायचे. दोन्ही एकाच वेळी करता येतं, ज्यांनी असे गुरुजी भोगलेत त्यांना सांगायला नको. त्याचं कारण सोपं होतं. माझ्या सगळ्या शिक्षणात हातानं धरता येईल अशी ही एकच गोष्ट होती. बाकी सगळं कागदावरचं. इथं सर सांगायचे आणि बोटांना ते तसंच लागायचं.

आणि ते शिकवायचे भारी, हे कबूल करायला मला आजही कष्ट पडतात. ह्या विमानाच्या आयुष्यात काय काय बदललं ते त्यांना तोंडपाठ होतं. "ह्याच्या नाकात आदी येगळं रडार व्हतं. मग नवं आणलं. पण नाक केवढं? हे एवढं. मग थाळी केवढी बसंल? एवढीच बसंल. नाकापेक्षा मोती जड करून चालत न्हाई. लई वजन पुढं गेलं की मागं वजन टाका, मागं टाकलं की तेल कमी करा." मग कॉकपिटची शिडी चढायला लावायचे. "हितं घड्याळं व्हती, पडदे बसवले. वायरी बदलल्या, खुर्ची बदलली, क्षेपणास्त्रं बदलली. पण पडद्याला वीज कोण देणार? जनरेटर जुनाच. गरम झालं तर थंड कोण करणार? तेवढीच हवा." आणि पंखाच्या मुळाशी यायचे तेव्हा काठी खाली ठेवायचे, हातानंच दाखवायचे. "आन हे बदलत न्हाई. हा सांधा. हितं तडा गेला की सगळं संपलं. मी हितं भिंग लावून लावून डोळे घालवले."

पत्र्याच्या शेपटांपाशी आलं की मात्र सर म्हणायचे, "हे बी हाय." आणि पुढं जायचे. पोटाच्या दारांपाशी, "हे बी हाय." आम्ही हात लावायचो, एका सुरात नाव घ्यायचो. तिथं काठी कधी बसली नाही, हे माझ्या तेव्हा लक्षात यायला हवं होतं.

शेपटांचं डायरेक्टर सर रविवारच्या व्याख्यानात सांगायचे. जुन्या विमानावर किती काम करता येतं ह्याचा हा नमुना आहे, चाचणीसाठी असं एकच केलं होतं, प्रकरण गुप्त आहे म्हणून मोबाईलवर सापडत नाही. "लक्षात ठेवा, नवं काही नसतं. जुन्यालाच घासलं की नवं होतं. तुम्ही पण त्यातलेच." टाळ्या पडायच्या. मी खोलीवर जाऊन मोबाईलवर शोधलं. सापडलं नाही. सापडत नाही म्हणजे सर खरं बोलतात, असा मी निष्कर्ष काढला. इंजिनिअर होते ना मी.

लेखी परीक्षा निघाली. हवाई दलाच्या निवड बोर्डाचं पाच दिवसांचं बोलावणं आलं. आमच्या अकॅडमीतून मुलींमध्ये मी एकटी. आईनं दोन फॉर्मल शर्ट शिवले, बाहेरच्यापेक्षा चांगले.

बोर्डावर नाव नसतं, छातीवर नंबर असतो. पहिल्याच दिवशी निम्म्याहून जास्त मुली परत पाठवल्या, मी राहिले. पुढं एक दिवस भाषणाचा होता. चिठ्ठीवर चार विषय, त्यातला एक घ्यायचा आणि आपल्या गटासमोर तीन मिनिटं बोलायचं. माझ्या चिठ्ठीवर एक विषय होता: जुन्या लढाऊ विमानाचं अपग्रेड की नव्यानं रचना. मला वाटलं, माझं दैव फळफळलं. मी बोलले, आणि मनापासून बोलले. योग्य अपग्रेड केलं तर जुनं विमानही नव्या पिढीचं होतं, बॉम्ब पोटात घेऊ शकतं, शेपटं बदलून रडारला चकवू शकतं, असं एक विमान मी स्वतः पाहिलंय. गटातली एक दिल्लीची मुलगी माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं, जळतेय.

शेवटच्या दिवशी कॉन्फरन्स असते. सगळे अधिकारी एका लांब टेबलामागं बसतात आणि एकेका उमेदवाराला समोरच्या खुर्चीत बसवतात. बहुतेकींना जेवण कसं होतं, राहायला नीट होतं का, एवढं विचारून सोडतात. जिचं ठरत नाही तिला जास्त विचारतात. मला त्यांनी जेवणाचं विचारलंच नाही.

सगळं इंग्रजीत चाललं होतं. मधे बसलेले म्हणाले, "तू भाषणात एका विमानाबद्दल बोललीस. पोटात बॉम्ब घेणारं. ते कुठं पाहिलंस?"

"आमच्या अकॅडमीत, सर."

"फोटोत?"

"नाही सर. मी हात लावलाय."

ते हसले. एकानं सुरू केलं आणि टेबलभर गेलं. एका मॅडमनी फाईल तोंडापुढं धरली. त्यांचं हसणं दुष्टपणाचं नव्हतं, हे मला कळत होतं. आपल्या घरी पाहुण्यांचं लहान पोर काहीतरी बोलून जातं आणि सगळे हसतात, तसं होतं. त्यानंच जास्त लागलं. माझं वय, माझी डिग्री, तापलेल्या पत्र्यावर ठेवलेले हात, सगळ्याचं क्षणात हसं झालं.

टोकाला बसलेले एक अधिकारी हसले नाहीत. चष्मा कपाळावर सरकवलेला होता. त्यांनी विमानाची जात विचारली, मी सांगितली. त्यांनी पंखाच्या मुळाच्या झाकणांबद्दल विचारलं, मी क्रमानं सांगितली. हसणं थांबलं. मग त्यांनी विचारलं, "त्याच्या पोटात काय असतं?"

मी ओळखीच्या तालात सुरू केलं. हवा आत घेणारा बोगदा. तेलाच्या टाक्या. चाकं दुमडून बसतात ते खड्डे.

"मग बॉम्ब कुठं बसतो?"

त्या खोलीत, त्या खुर्चीत बसून मला पहिल्यांदा विमानाचं पोट आतून दिसलं. तिथं बोटभर जागा नव्हती. दार होतं, आत घर नव्हतं.

"ते दार कधी उघडलेलं पाहिलंस?"

"नाही सर."

"का?"

"कारण ते पत्र्याचं आहे, सर."

पुन्हा कुणीतरी हसलं, पण थोडंच. मला खरं तर तिथं रडू यायचं होतं आणि आला राग. रागात माझं डोकं बरं चालतं. मी म्हणाले, सर, माझी आई ब्लाउज शिवते. जुन्या ब्लाउजला लेस लावता येते, हुक बदलता येतात, बाही उसवून दुसरी जोडता येते. पण कापड एकदा बेतलं की खांदा जिथं आला तिथंच राहतो. अपग्रेड म्हणजे ते. रडार बदला, पडदे बदला, वायरी बदला, पण नाकाचा घेर, विजेचा पुरवठा, पोटातली जागा, बाहेरचा आकार, हे ज्यानं पहिल्यांदा बेतलं त्याचं. बॉम्ब पोटात हवा असेल तर आधी बॉम्बाची जागा ठरवावी लागते आणि मग तिच्याभोवती बोगदा वळवायचा, टाक्या बसवायच्या, शेपटाचा कोन धरायचा. रडारला चकवायचं ते आकारानं, नंतर लावलेल्या पत्र्यानं नाही. त्यासाठी नवंच कापड घ्यावं लागतं.

माझं इंग्रजी मोडकं होतं, पण ऐकलं त्यांनी. मधले अधिकारी काहीतरी लिहीत होते. मला वाटलं, वाचले.

टोकाचे अधिकारी म्हणाले, "मी ते विमान खूप वर्षं उडवलं. त्यानं मला कधी दगा दिला नाही. तुला त्याचा सांगाडा ज्यानं शिकवला, तो खालून त्याला सांभाळणाऱ्यांपैकी असणार. अशी माणसं होती म्हणून मी आज इथं बसलोय. त्यांना माझा हा निरोप सांग."

"सांगते, सर," मी म्हणाले.

तासाभरानं आम्हाला रांगेत बसवून निवडलेल्यांचे नंबर वाचले. दिल्लीच्या त्या मुलीचा होता. माझा नव्हता. प्रश्नाचं उत्तर आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या डोक्यानं दिलं होतं, पण बाकीचे चार दिवस पाठ केलेलेच होते, आणि त्या माणसांना ते दिसत असणारच. कारण सांगत नाहीत ते. छातीवरचा नंबर सोडून परत द्यायचा असतो, तो दिला.

नांदेडला उतरले ती घरी गेलेच नाही, स्टेशनातून ऑटोनं थेट अकॅडमी. डायरेक्टर सर खूश होते. कॉन्फरन्सपर्यंत गेलेली आपली पहिली मुलगी, फोटो काढून घेऊ, फ्लेक्सवर टाकू. मी म्हणाले, सर, ती शेपटं खोटी आहेत. त्यांनी माझ्याकडे जरासं नवलानं बघितलं. "अगं, मग? शोभेचीच आहेत ती. तुला माहीत नव्हतं?" आणि ते फोटोवाल्याला फोन लावायला वळले.

सार्जंट सर विमानाच्या सावलीत खुर्ची टाकून बसले होते. दुपार होती, बॅच जेवायला गेलेली. मावशी पलीकडं झाडत होत्या. मी समोर जाऊन उभी राहिले आणि घडलं ते सांगितलं. भाषण, टेबल, हात लावलाय, हसणं. शेवटचा तो निरोप तेवढा सांगायचा राहिला होता.

मी विचारलं, "तुम्हाला ठाऊक होतं ना?"

"हाव. मला न ठाऊक असायला काय झालं?"

"मग एकदा तरी सांगायचं. एवढं मारलंत, एवढं बोललात, त्यात एवढं एक वाक्य सांगायला काय जात होतं?"

"नोकरी गेली असती."

"माझी गेली ना."

मग त्यांनी जे सांगितलं त्यात खोड काढायला जागा नव्हती, ते अगदी सरळ बोलले. "हे बघ पोरी. धा बॅचा झाल्या. कोणी पोलिसात गेलं, कोणी गावाकडं गेलं. तुमच्यातलं कोणी त्या टेबलापुढं जाऊन बसंल असं कोणाच्या ध्यानात तरी व्हतं का? माझ्या तर नव्हतं."

म्हणजे हे होतं. मला कुणी फसवलंच नव्हतं. फसवायला समोरचा माणूस कुठंतरी पोचणार आहे असं वाटावं लागतं. आम्हाला हात भाजेपर्यंत जे शिकवलं ते कुणी कधी तपासेल, हे शिकवणाऱ्याच्या स्वप्नातही नव्हतं. चुलीत घातलेल्या लाकडाला कोण सुतारकामाचे नियम लावतं? माझे कान इतके तापले की पुढचं त्यांचं बोलणं मला नीट ऐकू आलं नाही. ते तेच पुन्हा विचारत होते.

"इमानाला हसले का तुला?"

मी त्यांच्याकडे बघितलं. ते खुर्चीत पुढं सरकले होते. मी नापास झाले ह्यावर ते एक शब्द बोलले नव्हते. पण हे त्यांना हवं होतं, आत्ताच्या आत्ता हवं होतं. खडूची रेघ आपल्या हातानं आखून दिलेला माणूस, त्याला एवढंच समजून घ्यायचं होतं.

"विमानाला," मी म्हणाले. "सगळे. लई वेळ हसत होते."

त्यांचा हात उठला आणि पंखावर पडला. चटका बसला असणार, पण त्यांनी तो काढला नाही.

"पत्रा लावलाय, त्यात त्याचं काय चुकलं," ते म्हणाले. मग विचारलं, "त्यात ते उडवलेला कोणी नव्हता का? एखादा तरी असंल."

मावशी झाडू थांबवून आमच्याकडे बघत होत्या.

"नव्हता कोणी," मी म्हणाले आणि बॅग उचलून फाटकाकडे निघाले.

मी आता नांदेडातच गाड्यांच्या एका शोरूमला सर्व्हिसच्या काउंटरवर असते. लग्नाचं वडील आता काही बोलत नाहीत, आई बोलते. सार्जंट सरांनी त्या पावसाळ्यात अकॅडमी सोडली आणि आता ते एका एटीएमवर राखणीला बसतात. माझ्या जायच्या-यायच्या रस्त्यावरच आहे ते. एकदा मला बघून उठून उभे राहिले, काही विचारायचं असावं. मी गाडीचा वेग कमी केला नाही. निरोप माझ्याकडंच आहे, शब्द न् शब्द पाठ आहे, आणि मी तो देणार नाही.